हौसेला मोल नसतं, आरसीला असतं

'टारझन : द वंडर कार' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. थिएटरात नाही, तेव्हा तुम्ही जन्मलाही नसाल. पण सुट्टीतल्या एखाद्या दुपारी टीव्हीवर नक्की. 2004 चा सिनेमा, दिग्दर्शक अब्बास-मस्तान. बापाची भंगारात गेलेली गाडी पोरगा घरी आणतो, गॅरेजात रात्रंदिवस खपून तिचं रूपडंच पालटतो आणि मग ती गाडी आपली आपणच बापाच्या खुन्यांच्या मागे लागते. गोष्ट जाऊ द्या, गाडी मात्र लक्षात राहते.

ती गाडी घडवली मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी, म्हणजे ज्यांना सगळे 'डीसी' म्हणून ओळखतात त्यांनी. वरून परदेशी सुपरकार वाटावी अशी, आतून टोयोटाची एमआर-2. ही दोन सीटची जपानी स्पोर्ट्स कार, इंजिन सीटच्या मागे. टोयोटाने ती भारतात कधी विकलीच नाही. आता पुढचं ऐका. सिनेमा उतरला आणि गाडी विकायला निघाली. आधी दोन कोटी मागितले, मग उतरत उतरत 35 लाखांवर आले, तरी गिऱ्हाईक मिळालं नाही, असं गेली अनेक वर्षं छापून येतंय. धूळ खात पडलेल्या त्या गाडीचे फोटो मधूनमधून मोबाइलवर फिरतात आणि लोक खाली रडक्या स्मायली टाकतात.

सिनेमात हिरोच्या तोडीचं काम, नामवंत हात, देशभर ओळख, आणि तरी विक्रीच्या बाजारात ही गत. मग जालन्यातल्या एखाद्या गॅरेजात जुन्या सिव्हिकवर फायबर चढवून तिची 'लॅम्बो' केलेल्या पोराने दहा-बारा लाखांची आशा धरावी का? आजचा विषय तेवढाच आहे. गाडी बदलावी की नाही हा नंतरचा मुद्दा. बदललेली गाडी विकायला काढली की नेमकं काय होतं, हे विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणाऱ्याला तर त्याहून नसतं. आणि दोघंही बहुतेक वेळा पंचविशीच्या आतले असतात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या गावात कुठे आल्या असल्या गाड्या? आल्यात किंवा येतील. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून गाडीचं वेड वेगळ्याच गिअरमध्ये गेलंय. एमएच-21 ची पाटी लावून रील काढणारी पोरं मंठ्याची आहेत, परतूरची आहेत, भोकरदनची आहेत. आणि जुन्या गाड्या स्वस्त झाल्यात. होंडाने जी गोलसर सिव्हिक आपल्याकडे 2006 ते 2013 या काळात विकली, ती आज मोबाइलच्या किमतीला थोडं जोडलं की मिळते. अशा रूपांतरासाठी सिव्हिक आणि अकॉर्ड याच गाड्या आपल्या देशात जास्त वापरल्या जातात. परदेशात पॉन्टिअॅक फिएरो आणि हीच आपली एमआर-2. कारण साधं आहे. त्यांचं इंजिन फेरारीसारखं सीटच्या मागे असतं, त्यामुळे नाक बुटकं आणि पाठ उंच ही ठेवण आयतीच मिळते.

सिव्हिकला तसं नाही. तिचं इंजिन पुढे. गंमत अशी, की सिव्हिकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2700 मिलिमीटर आणि लॅम्बोर्गिनी अॅव्हेंटाडोरचंही 2700 मिलिमीटर. हा आकडा पाहून किती पोरांनी उड्या मारल्या असतील! पण जुळतं ते तेवढंच. अॅव्हेंटाडोर सिव्हिकपेक्षा एक वीत आणि वर चार बोटं बुटकी आहे, रुंदीला जवळजवळ तेवढीच जास्त. तिचं इंजिन साडेसहा लिटरचं, बारा सिलेंडरचं, 700 हॉर्सपॉवरचं. सिव्हिकचं 1.8 लिटर, चार सिलेंडर, 130 च्या आसपास. म्हणजे रूपांतरात नेमकं काय होतं? छप्पर कापलं जातं, खांब कापले जातात, बंपर-बॉनेट-मडगार्ड काढून त्या जागी साच्यात रेझिन आणि काचतंतूच्या चटया थरावर थर लावून काढलेले भाग बसवले जातात, त्यावर पुट्टी, घासकाम, रंग. दार वर उघडणारं केलं जातं. कारागीर चांगला असेल तर लांबून ओळखू येत नाही. त्याच्या हाताला दाद द्यावी अशीच ती गोष्ट असते.

पण कापलेलं छप्पर म्हणजे कापलेली ताकद. कारचा पत्रा नुसता झाकायला नसतो. मोनोकॉक गाडीत अंगच हाडं असतं. कंपनीच्या दारात आडवी पोलादी दांडी असते, बाजूने धडक बसली तर ती आत बसलेल्याच्या बरगड्या वाचवते. दार बदललं, दांडी गेली. स्टिअरिंग बदललं, एअरबॅग गेली. पुढचा बंपर बदलला, तर ठरलेल्या क्रमाने चुरगळत धक्का शोषणारी जागा बदलली. आणि ही गाडी ताशी 120 च्या रस्त्यावर जाणार. आम्हाला प्रवचन करायचं नाहीये. पण ज्याला विकणार त्याला हे सांगणार का, एवढाच प्रश्न आहे.

पैशाकडे येऊ. समजा सिव्हिक दोन लाखांची, वर सहा लाख ओतले. तुमच्या मनात गाडी आठ लाखांची झाली. बाजाराच्या मनात नाही. विमा कंपनी गाडीची किंमत कशी धरते ते पाहा : सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घट, वर्षाला 15, दोन वर्षांला 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षापर्यंत 50. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक मिळून ठरवतील ती. या हिशेबात तुमच्या फायबरला कुठेही रकाना नाही. वेगळं सांगून नोंदवलं नसेल तर विम्याच्या दृष्टीने ते अंगावर नाहीच. वर दुरुस्तीच्या दाव्यात फायबरच्या भागावर 30 टक्के घसारा कापतात तो वेगळा. आणि बदल कंपनीपासून लपवला असेल, तर दावाच नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. बँकवाल्याचंही तसंच. तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारेल, सेल्फीही काढेल, पण कर्ज देताना आरसी बघेल. आरसीवर लिहिलंय होंडा सिव्हिक.

समोरची काच फुटली तर? ती कुठल्याच कंपनीची नाही. कापून, घासून बसवलेली. दुसरी मिळणार नाही, पुन्हा बनवावी लागेल. ज्याने साचा केला तो कारागीर पुण्याला किंवा पंजाबात निघून गेला असेल तर बॉनेटचा एक कोपरा तुटला तरी गाडी सहा महिने उभी. जाणता गिऱ्हाईक हे सगळं मनात धरून भाव पाडतो. अजाणता गिऱ्हाईक भाव देतो, पण नंतर घरी येतो, एकटा येत नाही.

आता कायदा. कंटाळा करू नका, कारण गोष्ट इथेच अडते. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं, की कंपनीने मुळात जे तपशील दिले आणि जे आरसीवर चढले, त्यांच्याशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. आरसीवर काय काय असतं हे कधी नीट वाचलंय? बनवणारी कंपनी, बॉडीचा प्रकार, रंग, किती सीट, रिकाम्या गाडीचं वजन, चाकांमधलं अंतर, इंजिन नंबर, चासी नंबर. सिव्हिकची लॅम्बो करताना यातलं शेवटचं दोन-तीन सोडून बाकी बहुतेक सगळंच हलतं. सीएनजी किट, बॅटरीवर चालवणं, दिव्यांग व्यक्तीसाठी केलेले बदल, यांना परवानगीची वाट आहे. 'दिसायला भारी' यासाठी नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या आरटीओच्या अपिलात हेच स्पष्ट केलं : कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी होईल अशी गाडी नोंदता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द परत वाचा. दार, छप्पर, बंपर, सायलेन्सर, मोजत बसा.

मित्र सांगेल, "काही होत नाही भावा, आपल्या ओळखीचा एजंट आहे." नाव बदलताना गाडी दरवेळी समोर उभी करून तपासतातच असं नाही, हे खरं. पण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2010-11 च्या सिव्हिक नेमक्या आता त्या वळणावर आल्यात. पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची तर गाडी इन्स्पेक्टरपुढे न्यावीच लागते. तो कागदावर सिव्हिक वाचणार आणि समोर पाहणार अॅव्हेंटाडोर. म्हणून जी लोकं बरोबर याच सुमारास असली गाडी 'परदेशी जायचंय, अर्जंट सेल' म्हणून काढतात, त्यांचं परदेश कुठलं ते ओळखून घ्या.

बिल्ल्याचा मामला वेगळा. बैलाचा किंवा घोड्याचा बिल्ला ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो, म्हणून तो लावायला मोकळीक आहे असं नाही. ट्रेडमार्क कायद्यात दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणाने मालावर लावणं आणि तसा माल विकणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, दंड 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत. ब्राझीलमध्ये इताजाई शहरात 2019 च्या जुलैत पोलिसांनी एका वर्कशॉपवर धाड घातली. आत नकली फेरारी आणि लॅम्बोर्गिनी जोडायचं काम चाललं होतं, आठ गाड्या अर्धवट अवस्थेत सापडल्या. त्याआधीची एक गोष्ट तर अजून बोलकी. 'मायामी व्हाइस' नावाच्या अमेरिकन मालिकेतला हिरो जी फेरारी डेटोना चालवायचा ती खरी नव्हती, शेव्हरले कॉर्व्हेटवर चढवलेलं कातडं होतं. फेरारीने कोर्टात खेचलं. नंतर मालिकेत ती गाडी स्फोटात उडवून टाकली आणि हिरोला खरी टेस्टारोसा दिली.

तुम्ही म्हणाल, आम्ही गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगतो ना, नकली आहे म्हणून. हाच बचाव टेनेसी राज्यातल्या रॉबर्ट्स नावाच्या किटवाल्याने केला होता. तो फेरारीच्या आकाराचे फायबरचे सांगाडे विकायचा. 1991 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो बचाव मानला नाही. विकत घेणारा फसला नसेल, पण रस्त्याने जाणारा फसतो, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. तो तिकडचा कायदा, इथे जसाच्या तसा लागू नाही. पण विचार करायला लावतो, कारण असल्या गाडीची सगळी मजा रस्त्याने जाणारा फसण्यातच असते की!

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

गाडी विकली, पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, शंभराच्या की पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली, दोघांनी चहा घेतला. झालं? नाही झालं. कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टापुढे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला निकाली निघाला. मूळ मालकाने गाडी 2007 मध्ये विकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली. नाव कुणी बदललंच नाही. 2009 मध्ये अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी कोर्टाने आरसीवर ज्याचं नाव राहिलं होतं त्या मूळ मालकावर टाकली.  अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली याचा माग काढत बसायचं का, असा कोर्टाचा सवाल होता, आणि आम्हाला तो रास्त वाटतो.

हे रूपांतर केलेल्या गाडीला जोडून पाहा. ही गाडी घेणारा नाव बदलायला टाळाटाळ करणारच, कारण आरटीओत गेलं की प्रश्न निघतील. म्हणजे ती तुमच्याच नावावर फिरत राहणार. घेणारा कोण? बहुतेक वेळा तुमच्याहून दोन वर्षांनी लहान, तुमच्याहून जास्त उतावीळ. विम्याचा दावा बदलांमुळे अडखळलेला. आणि बदनापूरजवळ कुठेतरी मोटारसायकलवरून येणाऱ्या माणसाला धक्का बसला, तर नोटीस तुमच्या घरी. तुमच्या म्हणजे वडिलांच्या, कारण गाडी अनेकदा त्यांच्या नावावर असते. मोसंबीच्या दोन बहारांचे पैसे पोराच्या हौसेत गेले हे त्यांनी पोटात घातलेलं असतं. लाखोंची भरपाई पोटात घालता येत नाही.

म्हणून विकायचीच असेल तर फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या करून थांबू नका. हेच ते टीटी फॉर्म. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं तर अजिबात नको. गाडी त्याच राज्यात विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. घेणाऱ्याला 30 दिवस मिळतात. दोन-तीन आठवड्यांनी वाहन पोर्टलवर नाव बदललंय का ते पाहा. कर्ज असेल तर आधी बँकेचं फॉर्म 35. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे दिली तर तो अधिकृत आहे का विचारा. 1 एप्रिल 2023 पासून अशा व्यापाऱ्यांनी आरटीओकडून परवाना घ्यायचा आणि गाडी ताब्यात घेतल्याचं ऑनलाइन कळवायचं, असा नियम आहे. तसं कळवलं की पुढची जबाबदारी त्याची. आणि तुम्ही अकरावी-बारावीत असाल, 18 पूर्ण नसाल, तर तुमच्याशी केलेला करार कायद्यात करारच नाही. ना विकायचा, ना घ्यायचा. टोकन म्हणून दिलेले पंचवीस हजार परत मागताना हे कळतं.

घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एकच. जाहिरातीत 'लॅम्बोर्गिनी' लिहून सिव्हिक विकणं याला मालविक्री कायद्यात जागा आहे : वर्णनाप्रमाणे माल हवा. पण कोर्टात जाण्यापेक्षा बॉनेटखाली, दाराच्या खांबाशी वाकून चासी नंबर आरसीशी ताडून पाहणं स्वस्त. नंबर खरवडलेला, पुन्हा ठोकलेला, पुट्टीखाली गेलेला दिसला तर टोकन तर सोडाच, चहाही न घेता निघा. ती नुसती नकली गाडी नसेल, चोरीची असेल.

एवढं सगळं सांगून आम्ही या पोरांच्या विरोधात आहोत असं वाटलं असेल तर तसं मुळीच नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवा. भंगारातले भाग, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप. 2021 च्या शेवटी आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हे त्यांनी स्वतःच लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. 2022 च्या जानेवारीत लोहार कुटुंब बोलेरो घेऊन घरी गेलं. घरी बनवलेल्या गाडीचा याहून चांगला सौदा महाराष्ट्रात झाल्याचं आम्हाला आठवत नाही. पण त्यातली मेख पाहा. लोहारांनी ती जीप कुणाची नक्कल म्हणून बनवली नव्हती आणि कुणाचा बिल्ला लावला नव्हता. महिंद्रांनी किंमत दिली ती डोक्याला. आणि प्रत्येक गावात महिंद्रा येत नाहीत, हेही आहेच.

आमची खरी तक्रार व्यवस्थेकडे आहे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या किंवा रूपांतर केलेल्या गाडीला एक वाट ठेवलीय. 2025 पर्यंत मूळ गाडीतलं काय काय राहिलं याला गुण असायचे : चासी किंवा मोनोकॉकला पाच, सस्पेन्शनला दोन, अॅक्सलला दोन, गिअरबॉक्सला दोन, स्टिअरिंगला दोन, इंजिनाला एक. चासी धरून आठ गुण झाले तर जुना नंबर राहायचा. नाही झाले तर गाडीची एकेकटी तपासणी व्हायची, त्यात पास झाली की अनेकदा 'क्यू' अक्षराने सुरू होणारी पाटी मिळायची. ती पाटी पाहिली की कुणालाही कळतं, ही गाडी कारखान्यातून आलेली नाही. विकताना लपवायला काही उरतच नाही. अमेरिकेने 2015 मध्ये कायदा करून छोट्या कारखान्यांना वर्षाला 325 पर्यंत नकलगाड्या बनवायची मुभा दिली, अट अशी की मूळ गाडी 25 वर्षांपूर्वीची हवी आणि मूळ हक्कदाराचा परवाना हवा. आपल्याकडे नवं मॉडेल पास करून घ्यायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे जायचं. ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी आखलेली आहे, एक गाडी काढणाऱ्या पोरासाठी नाही. एकेका गाडीची फी भरून, ब्रेक आणि चासी तपासून, वेगळ्या पाटीवर नोंद करता आली तर निम्मे एजंट उपाशी मरतील आणि निम्मे कारागीर उजळ माथ्याने बोर्ड लावतील. दार बंद ठेवल्याने काम थांबलेलं नाही, फक्त मागच्या गल्लीत गेलंय.

तोवर हात शिवशिवत असतील तर बाजा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांची नियमावली डाउनलोड करून वाचा. इंजिनिअरिंगची पोरं आपल्या हाताने गाडी बांधतात, ट्रॅकवर पळवतात, ती पोलिसात नाही तर बायोडेटात जाते. आपल्या शहरात सरकारी पॉलिटेक्निक आहे, आयटीआय आहे, आणि जुन्या-नव्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई काढणारे इतके कारखाने आहेत, की लोखंड म्हणजे काय हे शिकायला जालन्याइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही. वेल्डिंग इथे गल्लीत शिकायला मिळतं.

आणि ज्यांच्या अंगणात अशी गाडी आधीच उभी आहे त्यांच्यासाठी. काढलेले मूळ भाग, म्हणजे दारं, बॉनेट, बंपर, जपून ठेवले असतील तर गाडी परत मूळ रूपात आणा आणि सिव्हिक म्हणून विका. छप्पर कापलेलं नसेल तर हा सौदा सर्वांत सरळ. किट वेगळं विका. छप्पर कापलेलं असेल तर रस्त्याचा विषय संपला. लॉन्सवर शोभेला, फोटोसाठी, एखाद्या शूटिंगवाल्याला द्या, नोंदणी रद्द करून, तसं लिहून. तेही नाही जमलं तर भंगार. भट्टीवाला फायबर घेत नाही, ते आधी सोलून न्या, तो पत्र्याचे किलोवर पैसे देईल.

विकताना जाहिरात अशी लिहा, आमचा मसुदा फुकट वापरा : "2009 ची होंडा सिव्हिक, पेट्रोल, एमएच-21 पासिंग, पहिला मालक. बॉडीवर फायबरचं किट बसवलेलं आहे, कुठल्याही कंपनीचा बिल्ला नाही. किट आरसीवर नोंदलेलं नाही आणि नोंदलं जाणार नाही. छप्पर आणि खांब कापलेले नाहीत. मूळ दारं, बॉनेट, दोन्ही बंपर सोबत मिळतील. किट उतरवूनच ताबा देऊ. एअरबॅग एकच चालू. पुढची काच मूळ. नाव बदलून झाल्यावरच दुसरी किल्ली. किंमत सिव्हिकचीच, हौसेचे पैसे लावलेले नाहीत."

फोन कमी येतील. जे येतील त्यांच्याशी नंतर तोंड लपवत फिरावं लागणार नाही.